कातडं, मणी आणि तेल: अचोली स्त्रियांच्या पेहरावाचं रसायन

युगांडाचा उत्तर भाग आणि त्याला लागून असलेला दक्षिण सुदानचा पट्टा हा अचोली लोकांचा मुलूख. गुलू आणि कितगुम ही तिथली मोठी गावं. आज तिथल्या बायका छापील सुती कपड्यांत दिसतात. शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी साधारण पेहराव असा असे: कमरेला मण्यांच्या सरी, पुढे दोऱ्यांची आखूड झालर, जिला ‘चिप’ म्हणत, आणि अंगावर शेळी-मेंढीचं कातडं. युरोपातून आलेल्या बऱ्याच प्रवाशांनी ‘जवळपास उघड्याच’ असं लिहून विषय मिटवला. खरं तर या थोडक्या पेहरावात बरंच रसायनशास्त्र आहे.

कातड्यापासून सुरुवात करू. जनावराची त्वचा म्हणजे मुख्यतः कोलॅजेन नावाच्या प्रथिनाच्या तंतूंची गुंतागुंतीची वीण. ओली असताना या तंतूंमध्ये पाणी असतं, म्हणून ती लवचीक राहते. पाणी उडून गेलं की तंतू एकमेकांना चिकटतात आणि कातडं फळीसारखं ताठ होतं. हे टाळण्याचा आपल्या ओळखीचा मार्ग कोल्हापुरी चपलांचा आहे. हिरडा आणि बाभळीची साल यांतली टॅनिन नावाची तुरट द्रव्यं कोलॅजेनच्या तंतूंना रासायनिक बंधांनी बांधून टाकतात. असं कमावलेलं चामडं सहसा कुजत नाही आणि भिजून वाळलं तरी कच्च्या कातड्याइतकं ताठ होत नाही.

दुसरा मार्ग मेहनतीचा आहे. आतलं मांस खरवडायचं, कातडं वाळत असताना हातांनी चोळत, ताणत राहायचं आणि त्यात तेल-चरबी जिरवायची. स्निग्धांश तंतूंमध्ये शिरतो आणि वंगणाचं काम करतो. पण इथे एक बारकावा आहे. माशाच्या तेलात बहुअसंपृक्त मेदाम्लं भरपूर असतात. हवेतल्या ऑक्सिजनशी संयोग होऊन ती कोलॅजेनला कायमची जखडतात, म्हणून त्या तेलाने कातडं खरोखर कमावलं जातं. अचोली प्रदेशाचं तेल म्हणजे शिया झाडाच्या बियांचं, ‘मो या’. त्यात ओलेइक आणि स्टिअरिक आम्लांचाच भरणा. ते कातड्याला मऊ ठेवतं, पण बांधून ठेवत नाही. अशा तेलावर राखलेलं कातडं पावसात चिंब भिजलं की वाळताना पुन्हा ताठरणार आणि पुन्हा चोळावं लागणार. अंगाला हेच तेल लावायची रीत होती, त्यामुळे रोज नेसलेल्या कातड्याला वंगण आपोआप मिळत राही. पेटीत ठेवून दिलेलं कातडं मात्र कोरडं पडायचं.

शियाची पूर्व आफ्रिकेतली उपजाती पश्चिम आफ्रिकेतल्या उपजातीहून वेगळी आहे. तिच्यात ओलेइक आम्ल जास्त, म्हणून तिचं तेल उष्ण दिवसात पातळच राहतं. त्वचेत जिरवायला हे सोयीचं.

आता मणी. काचेच्या आधी आफ्रिकेच्या या भागात शहामृगाच्या अंड्याच्या कवचाचे मणी होतेच. कवचाचे तुकडे करायचे, भोक पाडायचं, दोऱ्यात ओवायचं आणि मग कडा घासून गोल करायच्या. (आपल्या जळगाव जिल्ह्यातल्या पाटणे इथेही असे मणी सापडले आहेत, सुमारे 25,000 वर्षांपूर्वीचे. तेव्हा भारतातही शहामृगं होती.)

एकोणिसाव्या शतकात हस्तिदंताच्या व्यापाऱ्यांमागून काचेचे मणी आले. उत्तरेकडून खार्टूमचे व्यापारी येत, तर पूर्व किनाऱ्यावरचा माल झांझिबारमार्गे आत जाई आणि त्या व्यापारात गुजराती पेढ्यांचा मोठा वाटा होता. 1872 मध्ये ब्रिटिश प्रवासी सॅम्युएल बेकरने गुलूजवळच्या पातिको इथे ठाणं उभारलं, तेव्हा या प्रदेशात मण्यांवर देवाणघेवाण चालतच होती. व्यापाऱ्यांची एक तक्रार मला फार आवडते: एका गावात हवा असलेला रंग पुढच्या गावात कुणी फुकटही घेत नाही. आडाखा चुकला की पोतीच्या पोती मणी मातीमोल. म्हणजे हे मणी बनवणाऱ्या व्हेनिसच्या भट्ट्यांना आफ्रिकेतल्या बायकांची आवड सांभाळावी लागे.

त्या काळातला एक लोकप्रिय मणी बाहेरून लाल आणि आतून पांढरा असे. पारदर्शक लाल काचेला रंग येतो तो सोन्याच्या अतिसूक्ष्म कणांमुळे, आणि सोनं महाग. म्हणून अपारदर्शक पांढऱ्या गाभ्यावर लाल काचेचा पातळ थर चढवला जाई. गाभ्यावरून प्रकाश परतून लाल थरातून बाहेर येतो आणि मणी उजळ दिसतो. खर्च वाचला, रंगही खुलला. हा पांढऱ्या गाभ्याचा प्रकार साधारण 1830 नंतरचा. त्याआधीचा मणी विटकरी लाल, हिरवट गाभ्याचा आणि तांब्याने रंगवलेला असे. शतकाच्या अखेरीस लाल रंगासाठी सेलेनियम वापरात आलं. क्ष-किरणांच्या साहाय्याने मण्याला धक्का न लावता ही मूलद्रव्यं ओळखता येतात, आणि सर अमुक काळाआधीची नाही एवढं तरी ठरतं. तेवढंच ठरतं, कारण मणी आजीकडून नातीकडे जातात आणि पुन्हा ओवले जातात. मण्याच्या वयावरून कातड्याचं वय काढणारा फसतोच.

ऑक्सफर्डच्या पिट रिव्हर्स संग्रहालयात दक्षिण सुदानच्या संग्रहात अचोली वस्तू आहेत. अशा वस्तू जपणाऱ्यांची खरी डोकेदुखी ही की यातले पदार्थ एकमेकांचे वैरी आहेत. तेलातली मेदाम्लं पितळी किंवा तांब्याच्या तारेशी संयोग पावतात आणि हिरवं, मेणासारखं किटण तयार होतं. काही जुन्या काचेतून ओलाव्याने अल्कली पाझरते, मणी चिकट होतात, आणि ती अल्कली दोरा व कातडं दोन्ही कमकुवत करते. काचेला कोरडी हवा हवी, कातड्याला थोडी दमट, म्हणून संग्रहालयं मधली आर्द्रता धरून बसतात.

हा पेहराव मागे पडला तो मिशनरी शाळा आणि दुकानातलं सुती कापड आल्यावर. गुलूला कोम्बोनी मिशन 1911 मध्ये पोचलं. पुढे 1980च्या दशकाच्या अखेरीस गुरांच्या लुटीत आणि नंतरच्या दीर्घ यादवीत बहुतेक पशुधनच गेलं. मण्यांचा साज मात्र लाराकाराका या तरुणांच्या नाचात टिकून आहे. तिथे अर्ध्या भोपळ्यांवर सायकलच्या तारा वाजवून ताल धरतात.

कातड्याच्या जुन्या तुकड्याबद्दलचा एक प्रश्न आता सोपा झाला आहे: ते शेळीचं, मेंढीचं की हरणाचं? केस झडलेल्या कातड्यावर नजरेने हे ठरवणं अवघड. पण कोलॅजेनच्या तुकड्यांची वजनं प्राणिगणिक किंचित वेगळी भरतात. जुन्या चर्मपत्रांवर खोडरबर हळूच घासून, त्याच्या चुऱ्याला चिकटलेल्या कोलॅजेनवरून प्राणी ओळखता येतो. कापून नमुना घ्यावा लागत नाही. नेसलेल्या कातड्यावर मात्र आधी तेलाचा थर बाजूला करावा लागेल.