येरवड्याचं फाटक आणि कलम ४२

येरवडा कारागृहात मोबाइल किंवा गांजा सापडल्याच्या बातम्या पुणेकरांना नव्या नाहीत. अशा प्रकरणांत सव्वाशे वर्षांहून जुना तुरुंग अधिनियम, १८९४ पुढे येतो. त्यातली निषिद्ध वस्तूची व्याख्या एका ओळीची आहे: जी आत आणायला किंवा बाहेर न्यायला नियमांनी मनाई केली, ती. वस्तूंची यादी कायद्यात नाहीच, ती सरकारच्या नियमांवर सोडली आहे. म्हणूनच टेलिफोनही दुर्मीळ होता त्या काळातला हा कायदा मोबाइललाही लागू पडतो.

कलम ४२ मात्र ऐसपैस आहे. वस्तू आत नेणारा दोषी, बाहेर काढणारा दोषी आणि जाणूनबुजून काणाडोळा करणारा तुरुंग अधिकारीही दोषी. तारखेला शिवाजीनगर कोर्टात आणलेल्या बंद्याच्या हातात कोणी मनाई असलेली पुडी सरकवली, तरी हेच कलम लागतं. नियम मोडून बंद्याशी संपर्क साधणं हाही गुन्हाच.

संपर्काची ही किल्ली सरकारच्या हाती असली की काय होतं, ते येरवड्यानेच पाहिलं. सप्टेंबर १९३२ मध्ये गांधीजींचं उपोषण चालू असताना त्यांची खाट तुरुंगाच्या आवारात आंब्याखाली होती. डॉ. आंबेडकर आणि इतर नेते तिथे येऊन बोलले, २४ तारखेला पुणे करार झाला. ११ फेब्रुवारी १९३३ला 'हरिजन' साप्ताहिक पुण्यातून निघालं तेव्हा गांधीजी आतच होते, त्यांचा मजकूर परवानगीने बाहेर येत होता. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये ते पुन्हा येरवड्यात आले. आता ते राजबंदी नाहीत, शिक्षा झालेले कैदी आहेत, असं सांगून सरकारने ती मोकळीक नाकारली. त्यांनी पुन्हा उपोषण धरलं आणि आठवडाभरात सरकारला त्यांना सोडावं लागलं.

शिक्षेचं कोडं वेगळंच आहे. सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा २०० रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. १८९४ मध्ये ही रक्कम मोठी होती. स्वातंत्र्यानंतरही केंद्रीय कायद्यात ती तशीच राहिली. गांजा सापडला तर १९८५चा अमली पदार्थविरोधी कायदा लावता येतो. मोबाइल बाळगणं एरवी गुन्हाच नाही, त्यामुळे तिथे सगळी भिस्त तुरुंगाच्या कायद्यावर. तुरुंग हा राज्यांचा विषय असल्याने उत्तर प्रदेशासारख्या राज्यांनी आपापल्या दुरुस्त्या केल्या. मे २०२३ मध्ये केंद्रीय गृह मंत्रालयाने आदर्श कारागृह अधिनियम तयार केला. त्यात मोबाइलबद्दल कैदी आणि कर्मचारी दोघांनाही शिक्षा आहे. महाराष्ट्राने आपलं विधेयक डिसेंबर २०२४ मध्ये नागपूरच्या अधिवेशनात आणलं.

जुन्या कायद्यातलं एक कलम मला फार मोलाचं वाटतं, ते ४४वं. मनाई काय आणि शिक्षा काय, हे इंग्रजीत आणि स्थानिक भाषेत लिहून तुरुंगाबाहेर ठळक जागी लावणं अधीक्षकांवर बंधनकारक आहे. मुलाखतीला गावाकडून आलेल्या आईला पिशवीतलं काय चालतं नि काय नाही, हे झडतीच्या आधीच कळायला हवं. नव्या कायद्याखालीही हा फलक मराठीत, मोठ्या अक्षरांत राहिलाच पाहिजे.