गिटहब पेजेस: एका खात्याला एकच साइट हा गैरसमज

जळगाव-धुळ्याकडची कॉलेजची पोरं अजूनही एकमेकांना सांगतात: गिटहब पेजेसवर (गिटहबवर ठेवलेल्या फाइलींची वेबसाइट करून देणारी सेवा) एका खात्याला एकच साइट मिळते, दुसरी हवी तर नवं खातं काढा. हे चूक आहे. उलट गिटहबच्या अटींप्रमाणे एका माणसाला फुकटचं एकच खातं ठेवता येतं.

'एकच' आहे तो मुख्य पत्ता. खात्याचं नाव 'केळीबाग' धरा. 'केळीबाग.गिटहब.आयओ' याच नावाची रिपॉझिटरी (एका प्रकल्पाच्या फाइलींचा साठा) केली की साइट थेट त्या पत्त्यावर उघडते. बाकी रिपॉझिटरींच्या साइट त्याच्यापुढे तिरकी रेघ देऊन बसतात: 'केळीबाग.गिटहब.आयओ/रावेर', मग '/यावल'. हव्या तितक्या करा. फुकट खात्यात रिपॉझिटरी मात्र सार्वजनिक हवी.

पुष्कळजण अडतात ते पुढे. 'रावेर' उघडते, पण रंग नाही, मांडणी नाही. लगेच ठरवतात, दुसरी साइट चालत नाही! दोष फाइलच्या नावाआधीच्या एका तिरक्या रेघेचा असतो. पानात '/स्टाइल.सीएसएस' (रंग-मांडणीची फाइल) असं लिहिलं, तर ब्राउझर ती फाइल मुख्य पत्त्यावर शोधतो, 'रावेर'मध्ये बघतच नाही. 'रावेर'च्या होमपेजवरची ती सुरुवातीची रेघ काढा, मांडणी जागेवर येते.

स्वतःचं डोमेन, म्हणजे स्वतःच्या नावाचा वेब-पत्ता, जोडायलाही गिटहब पैसे घेत नाही; खर्च फक्त डोमेनचा.