किनाऱ्यावरची वाळू आणि 0.75 ते 0.00 चा प्रवास

एप्रिल 2025 मध्ये चीनने सात दुर्मीळ मृदा धातूंवर (रेअर अर्थ) आणि त्यांच्या चुंबकांवर निर्यात परवान्याची अट घातली. पुढच्या दोन महिन्यांत आपल्या वाहन कारखानदारांनी दिल्लीत खेटे घालायला सुरुवात केली. विजेवर चालणाऱ्या गाडीच्या मोटारीत निओडिमियम या दुर्मीळ मृदा धातूचे चुंबक असते, क्षेपणास्त्राच्या दिशानियंत्रणातही असते. सरकारी अंदाजानुसार देशात 1 कोटी 31 लाख टनांहून अधिक मोनाझाइट हे मुख्यतः किनारी वाळूत मिळणारे खनिज आहे आणि त्यात सुमारे 72 लाख टन दुर्मीळ मृदा ऑक्साइड. एवढे असून चुंबक आयातच का होतात, हा प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर जमिनीत कमी आणि कायद्याच्या परिशिष्टांत जास्त सापडते.

जुना इतिहास थोडक्यात. त्रावणकोरच्या किनाऱ्यावर 1909 मध्ये एका जर्मन रसायनज्ञाला मोनाझाइट सापडले. तेव्हा गॅसबत्तीच्या जाळीसाठी त्यातले थोरियम हवे होते, म्हणजे अणुइंधन बनू शकणारा किरणोत्सारी धातू. पुढे अणुयुग आले, थोरियमचे मोल बदलले आणि 1950 मध्ये सरकारी कंपनी उभी राहिली. दोन वर्षांनी केरळमधल्या आलुव्यात कारखाना सुरू झाला. मोनाझाइट म्हणजे थोरियमचा साठा, ही समजूत तिथेच घट्ट झाली. निओडिमियम त्यासोबत निघायचे, पण त्याला गिऱ्हाईक नव्हते. चिनी माल स्वस्त झाल्यावर तर आलुव्यातली मोनाझाइट प्रक्रिया काही वर्षे थंडावलीच.

खरा गुंता 1998 नंतरचा आहे. त्या वर्षीच्या धोरणाने किनारी वाळूच्या खनिजांत खासगी कंपन्यांना वाव दिला. 2007 पासून इल्मेनाइट, रुटाइल (दोन्ही टायटॅनियमची खनिजे) आणि झिरकॉन (झिर्कोनियमचे खनिज) हाताळायला अणुखात्याच्या परवान्याची गरज उरली नाही. मोनाझाइट मात्र बंधनातच राहिले. कागदावर हे सोपे दिसते, पण वाळू कागद वाचत नाही. सगळी जड खनिजे एकाच थरात मिसळलेली असतात. सर्पिल पन्हळीतून पाण्याबरोबर वाळू सोडली की हलकी सिलिका बाहेरच्या कडेला जाते. मग चुंबकाने काळे इल्मेनाइट ओढून घेतात, नंतर गार्नेट आणि झिरकॉन वेगळे होतात. शेवटी उरलेल्या गाळात मधाच्या रंगाच्या मोनाझाइटचे प्रमाण आपोआप वाढते. खासगी कारखान्याला ते विकायची मुभा नव्हती, म्हणून तो गाळ आवारातच खड्ड्यांत पुरून वर साधी वाळू टाकायची. खड्ड्यात नेमके किती गेले आणि निर्यातीच्या पोत्यांतून किती, हा वाद तिथूनच पेटला. 2013 मध्ये तमिळनाडूने खासगी वाळू उपसा थांबवला. बेकायदा उपशाच्या तक्रारी गंभीर होत्या, हे नाकारण्यात अर्थ नाही.

उपाय मात्र विचित्र निघाला. 2016 च्या नियमांनी एक मर्यादा ठरवली होती. जड खनिजांत मोनाझाइट 0.75 टक्क्यापेक्षा कमी असेल तर तो साठा खासगी कंपनीलाही मिळू शकेल. म्हणजे जड खनिजांच्या शंभर किलोंमागे पाऊण किलो. फेब्रुवारी 2019 मध्ये ही मर्यादा 0.00 करण्यात आली आणि लगेच मार्चच्या पहिल्या तारखेला राज्यांना खासगी खाणपट्टे रद्द करायला सांगण्यात आले. किनारी वाळूत शून्य मोनाझाइट ही अट पाळणे जवळजवळ अशक्यच, म्हणून सगळी वाळू सरकारी कंपन्यांसाठी राखीव झाली. चोरी रोखायची तर मोजमाप आणि तपासणी वाढवायला हवी होती. इथे मोजायचे कामच संपवून टाकले. रत्नागिरीच्या काळबादेवी, मालगुंड भागातली काळी वाळू दख्खनच्या बेसॉल्टमधून आलेली, तिच्यात इल्मेनाइट आहे आणि मोनाझाइट नगण्य. जुन्या मर्यादेत ती सुटण्याची शक्यता होती. सरकारी कंपन्यांकडे मात्र सगळा किनारा एकदम विकसित करण्याइतकी यंत्रणा कधीच नव्हती.

खाण कायद्याच्या ऑगस्ट 2023 च्या दुरुस्तीने बारा अणुखनिजांच्या यादीतून सहा बाहेर काढली: लिथियम, बेरिलियम, टायटॅनियम, नायोबियम, टँटलम आणि झिर्कोनियम. चोवीस खनिजांचा लिलाव करण्याचा अधिकार केंद्राने स्वतःकडे घेतला, महसूल राज्यांचा. मथळे झाले, पण किनारी वाळूची नोंद यादीत तशीच राहिली. खडकातले टायटॅनियम मोकळे झाले, वाळूतले नाही. त्याच वर्षी जम्मूतल्या रियासीच्या 59 लाख टन लिथियमचा गाजावाजा झाला. तो आकडा प्राथमिक टप्प्यातला आणि लिथियमयुक्त खडकाचा होता, शुद्ध धातूचा नव्हे. लिलावाला पुरेसे बोलीदारही आले नाहीत.

जानेवारी 2025 मध्ये महत्त्वाच्या खनिजांसाठी 16,300 कोटी रुपयांचे राष्ट्रीय अभियान मंजूर झाले. नोव्हेंबरमध्ये वर्षाला 6,000 टन चुंबक बनवण्यासाठी 7,280 कोटींची योजना आली. या दोहोंच्या मधे, सप्टेंबरमध्ये, अणुखनिजे आणि महत्त्वाच्या खनिजांच्या खाणींना पर्यावरण मंजुरीतल्या जनसुनावणीतून सूट देण्यात आली. कारण दिले राष्ट्रीय सुरक्षेचे. किनाऱ्यावर जाळी सुकवणाऱ्यांना आपले म्हणणे मांडायला मिळणारी ती एक बैठकही त्यामुळे गेली, आणि या सवलतीवर 0.00 च्या मर्यादेवर झाली त्याच्या निम्मीही चर्चा झाली नाही.