फिल्टर किती पकडतो आणि किती दम धरतो, चंद्राची धूळ असो की वावरातली

मे महिन्यात वावरात रोटाव्हेटर घातला की ट्रॅक्टरमागे ढगच उठतो, आमच्या चोपड्याकडे हे दरवर्षीचं. मागच्या उन्हाळ्यात ट्रॅक्टर काळा धूर मारायला लागला, ओढच नाही, मग मी एअर क्लीनरचा कागदी फिल्टर काढला आणि कॉम्प्रेसरची हवा एकदम जवळून जोरात मारली. ट्रॅक्टर मस्त पळाला भाऊ! पण पुढे इंजिन ऑइल खायला लागलं, कारण कागद फाटला होता आणि माती सरळ लायनरपर्यंत, म्हणजे पिस्टन ज्या नळीत फिरतो तिथपर्यंत, जात होती.

म्हणजे फिल्टर धूळ किती पकडतो हे वेगळं आणि चोक व्हायच्या आधी किती धूळ पोटात घेतो हे वेगळं, पण आपण दोन्हीला 'फिल्टर चांगलाय' एवढंच म्हणतो. चंद्रावर जाणाऱ्या यानाच्या हवेचे फिल्टर तपासताना या दोन टेस्ट वेगवेगळ्या करतात.

पहिली पकडायची. फिल्टरच्या अलीकडे किती कण आणि पलीकडे किती निसटले ते मोजायचं. हेपा म्हणजे एकदम बारीक धूळ गाळणारा फिल्टर, त्याचा ९९.९७ टक्के हा आकडा इथलाच, आणि तो ०.३ मायक्रॉनच्या कणांवर (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग). मोठा कण वळणावर धाग्याला आदळतो, एकदम बारीक कण हवेत थरथरत भटकतो म्हणून कुठेतरी चिकटतोच, मधल्या मापाचाच निसटायला बघतो, म्हणून परीक्षा त्याची घेतात.

दुसरी टिकायची. धूळ सोडत राहायची, फिल्टरचं वजन किती वाढलं आणि हवा ओढायला जोर किती जास्त लागतो ते बघत राहायचं, ठरलेल्या मर्यादेला पोचला की संपला.

गोंधळ कुठे होतो तर फिल्टरवर धुळीचा थर बसला की तो थर स्वतःच गाळायला लागतो, म्हणून जुना चोक झालेला फिल्टर नव्यापेक्षा जास्त पकडतो, पण हवा सोडत नाही. माझा धूर मारणारा फिल्टर पकडायला पक्का होता आणि फाटल्यावर मोकळा श्वास घेणारा बेकार, मी मात्र नेमकं उलटं समजलो होतो!!

यानात तर दोन्ही सांभाळावंच लागतं. डिसेंबर १९७२ मध्ये अपोलो १७ या चंद्रमोहिमेतल्या हॅरिसन श्मिट या अंतराळवीराला अंतराळसूटवरून यानात आलेल्या धुळीने नाक चोंदून शिंका आल्या होत्या. आपली काळी माती बसाल्टची, म्हणजे लाव्हा थिजून झालेल्या दगडाचीच आणि चंद्रावरचे काळे डागही बसाल्टचे, पण आपल्या बसाल्टला पावसापाण्याने कुजवून मऊ केलंय, तिकडे ना पाऊस ना वारा, उल्का आदळून झालेले तुकडे काचेसारखे धारदारच राहतात, वर विजेचा भार असल्याने चिकटतात. नासाने सहा महिन्यांच्या मुक्कामासाठी घनमीटर हवेत ०.३ मिलिग्रॅम एवढीच मर्यादा ठेवलीय. खरी चंद्रमाती अपोलोने आणली ३८२ किलो, ती अशी टेस्टमध्ये उडवत बसणार कोण, म्हणून अमेरिकेत ॲरिझोनातल्या ज्वालामुखीच्या राखेपासून नकली माती बनवली. आपल्या इस्रोनेही चांद्रयान-२ साठी तामिळनाडूतल्या नामक्कल जिल्ह्यातल्या दगडाची केली होती, पण ती लँडर-रोव्हरच्या चाचण्यांसाठी, फिल्टरसाठी नाही.

नासाच्या ग्लेन या संशोधन केंद्राने टप्प्याटप्प्याचा फिल्टर केलाय तो मला फार आवडला. आधी हवेला झटकन वळवायचं, जड कण सरळ जाऊन आदळतात, आपल्या ट्रॅक्टरच्या प्री-क्लीनरमध्येही जड माती अशीच वेगळी पडते ना तसं. मग कापडाचा रोल, चोक झाला की पुढे सरकून कोरा भाग येतो, आणि सगळ्यात शेवटी हेपा. आधीचे दोन टप्पे टिकण्यासाठी, शेवटचा पकडण्यासाठी.

मी आता फिल्टर हलक्या हाताने झटकतो आणि आत बल्ब सोडून अंधारात बघतो, उजेडाचा एक जरी ठिपका बाहेर दिसला तर नवाच आणतो.