माथेरानच्या जुन्या हॉटेलात जेवण भाड्यातच का धरलेलं असतं

माझी डोंबिवलीची भाची माथेरानला जायचं ठरवून मोबाइलवर हॉटेलं बघत बसली होती. नव्या रिसॉर्टांचे भाव ऐकून ती जुन्या हॉटेलांकडे वळली आणि तिथे अडली. मला मुलुंडला फोन. "मामा, हे लोक नुसती खोली देतच नाहीत. सकाळचा चहा, नाश्ता, दोन जेवणं, परत चहा, सगळं भाड्यातच. आपल्याला बाहेर वडापाव खायचा असला तर?" मी तेव्हा "तिकडची पद्धतच आहे ती" म्हणून वेळ मारून नेली. पण ही पद्धत पडली कशी, हे सांगायचं तर पावणेदोनशे वर्षं मागे जावं लागतं.

मे 1850. ठाण्याचा कलेक्टर ह्यू मॅलेट चौक नावाच्या गावात मुक्कामाला होता. उकाड्याने जीव नकोसा झालेला, समोर सपाट माथ्याचा डोंगर. स्थानिक माणसं बरोबर घेऊन तो आज आपण वन ट्री हिल म्हणतो त्या बाजूने वर चढला आणि रामबागच्या बाजूने उतरला. इंग्रजी पुस्तकं याला माथेरानचा 'शोध' म्हणतात. धनगर, ठाकूर आणि कातकरी या डोंगरात आधीपासून वावरत होते, वाटाही त्यांच्याच होत्या. कलेक्टरला सापडलं ते एवढंच, की सुमारे आठशे मीटर उंचीवर, मुंबईपासून जवळ, सावलीची आणि गार वाऱ्याची जागा आहे. त्याच वर्षी पावसाळ्यानंतर तो पुन्हा आला. त्याच्या नावाचा मॅलेट स्प्रिंग हा झरा अजून आहे.

पुढे मुंबईचा गव्हर्नर लॉर्ड एल्फिन्स्टन याने इथे लक्ष घातलं. रस्ते आखले गेले, प्लॉट पाडले गेले, पॉइंटांना आणि तलावाला साहेब-मेमसाहेबांची नावं मिळाली. लुइसा, शार्लट, अलेक्झांडर, हार्ट अशी ती यादी आपण आजही घोडेवाल्याच्या तोंडून ऐकतो, त्याच्या उच्चारांत.

त्या प्लॉटांवर आधी बंगले उभे राहिले, हॉटेलं मागाहून आली. जुन्या हॉटेलात उतरलात तर हे इमारतीवरूनच कळतं. हॉटेल म्हणून बांधलेल्या वास्तूत खोल्यांची ओळ असते. इथे मधे मोठा दिवाणखाना, भोवती रुंद व्हरांडा, आणि खोल्या कुठेही फुटलेल्या. एका खोलीला दोन न्हाणीघरं, दुसरीला जायचं तर तिसरीच्या दारावरून. स्वयंपाकघर मुख्य घरापासून सुटं, मागे, कारण धूर आणि नोकर दोन्ही लांब ठेवायची त्या काळची रीत. जांभ्या दगडाच्या भिंती, मंगलोरी कौलं. बार हाउस हा असाच एक जुना बंगला, जो पुढे 'व्हरांडा इन द फॉरेस्ट' नावाने हॉटेल झाला. नाव ठेवणाऱ्याने बरोबर ओळखलं होतं, खोलीपेक्षा व्हरांड्याचं भाडं जास्त वसूल होतं तिथे.

या बंगल्यांत लोक दोन दिवसांसाठी येत नसत. मराठीत एक शब्द होता, आता तो फारसा कानावर येत नाही: हवापालट. टायफॉइडमधून उठलेला मुलगा, बाळंतपणानंतर अशक्त झालेली सून, दम्याचे आजोबा, यांना डॉक्टर औषधाबरोबर हवापालट लिहून देत. मग कुटुंब पंधरा दिवस, महिनाभर डोंगरावर. पारशी, बोहरी, भाटिया, गुजराती कुटुंबं स्वतःचा स्वयंपाकी आणि धान्याचे डबे घेऊन निघत. ज्यांना स्वयंपाक्याचा खटाटोप परवडत नसे किंवा नको असे, ते हॉटेलात उतरत. म्हणजे हॉटेल हा बंगल्याला पर्याय होता आणि त्यात जेवण असणं गृहीत होतं. महिनाभर राहणाऱ्या आजाऱ्याला बाहेर जेवा म्हणून कोण सांगणार?

बरं, बाहेर म्हणजे कुठे? माथेरानचं खरं उत्तर रस्त्यात आहे. किंवा रस्ता नसण्यात.

मुंबईहून कल्याणच्या पुढे खोपोलीकडे जाणारी रेल्वे 1856 मध्ये सुरू झाली आणि नेरळ मुंबईला जोडलं गेलं. पण नेरळ पायथ्याला. वर जायला तट्टू, पालखी किंवा स्वतःचे पाय. मालही तसाच चढे. सर आदमजी पीरभॉय यांच्याबद्दल एक गोष्ट माथेरानला हमखास ऐकायला मिळते. ते म्हणे नेरळला उतरले तेव्हा एकही तट्टू शिल्लक नव्हतं, तसेच मुंबईला परतले, आणि म्हणाले, मी इथे रेल्वेच आणतो. गोष्ट खरी असो-नसो, रेल्वे आली. लष्कराला तंबू पुरवून श्रीमंत झालेल्या या बोहरी व्यापाऱ्याने पैसा घातला आणि त्यांचा मुलगा अब्दुल हुसेन याने काम तडीला नेलं. 1901 ते 1907 बांधकाम, खर्च 16 लाख रुपये, रुळांमधलं अंतर दोन फूट, लांबी सुमारे 20 किलोमीटर. चढ काही ठिकाणी वीस फुटांना एक फूट. तीव्र वळणं घेता यावीत म्हणून चाकं थोडी वळू देणारी इंजिनं जर्मनीच्या ऑरेन्स्टाइन आणि कॉपेल कंपनीकडून बनवून घेतली. वाटेत जुम्मापट्टी, वॉटर पाइप, अमन लॉज ही स्टेशनं. गाडी इतकी सावकाश चालते की उतरून चालावं असं वाटतं, आणि लहानपणी आम्ही मुलं ते करायचोही.

रेल्वेने माणसं वर आणली, पण मोटार काही माथेरानात शिरली नाही. पुढे नेरळहून घाटरस्ता झाला तोही दस्तुरी नाक्यावर थांबतो. तिथून बाजारपेठ अडीच-तीन किलोमीटर. ट्रकमधून आलेला कांदा, बटाटा, दुधाचे कॅन, गाद्या, सिमेंटच्या गोणी, सगळं दस्तुरीला उतरतं. मग पुढे हातगाडी, घोडा किंवा डोकं. मी एकदा एका बाईला भरलेला गॅस सिलिंडर डोक्यावर घेऊन चढताना पाहिलं. कापडाची चुंबळ, त्यावर आडवा सिलिंडर, एक हात वर, दुसऱ्या हातात चपला. पाय लाल मातीत घट्ट रुतवत ती चालत होती. मी शहाण्यासारखं विचारलं, जड नाही का होत? ती न थांबता म्हणाली, "जड तं हाये. तुमच्या भजीसाठीच चाल्लाय."

हॉटेलमालकाच्या दृष्टीने याचा अर्थ सरळ आहे. आज रात्री जेवायला किती माणसं, हे त्याला आदल्या दिवशी माहीत हवं. संध्याकाळी सहाला पाहुण्याच्या मनात आलं म्हणून चिकन आणता येत नाही. खोल्या भरल्या की ताटं मोजता येतात, ताटं मोजली की दस्तुरीला तेवढाच माल उतरवता येतो. शिवाय जुनी हॉटेलं बाजारापासून लांब, झाडीत विखुरलेली. पावसाळ्यानंतरच्या काळोख्या संध्याकाळी विजेरी घेऊन बाजारात जेवायला जायला आजही कुणी फारसं राजी नसतं. जेवणाची घंटा ही याच व्यवस्थेची. ज्या हॉटेलात आम्ही बऱ्याचदा उतरलो तिथे व्हरांड्याच्या खांबाला पितळी घंटा टांगलेली होती. दुपारी एकला आणि रात्री साडेआठला वाजायची. एकदा आम्ही पॉइंटवरून उशिरा परतलो तर भात संपलेला, वरण गार आणि वाढपी रुसलेला. आईने पोळ्यांवर साखर घालून वाढलं आम्हाला, आणि मालकाला चार शब्द सुनावले. पुढच्या दिवशी मात्र घंटेआधी दहा मिनिटं ती स्वतःच टेबलाशी जाऊन बसली.

जेवणातही मुंबईचा इतिहास उतरला. कुठे पारशी पद्धतीची अंडी आणि कस्टर्ड, कुठे कांदा-लसूण नसलेलं गुजराती ताट. 'जैन जेवण मिळेल' ही पाटी माथेरानात इतकी दिसते, त्याचं कारण एवढंच, की पिढ्यान्‌पिढ्या इथे येणारं गिऱ्हाईक काळबादेवी, भुलेश्वर, घाटकोपरचं. मराठी मध्यमवर्ग उशिरा आला. एलटीसी म्हणजे नोकरीतली प्रवाससवलत, बँकेतली नोकरी आणि मुलांच्या परीक्षा संपल्यावरचा मे महिना घेऊन आला. आमच्यासारखे.

दुसरी गोष्ट पावसाची. जून ते सप्टेंबर जुनी हॉटेलं सरळ बंद असत. पावसाआधी व्हरांड्याला झड बांधायची, गाद्या गुंडाळून माळ्यावर, नोकर गावी. नेरळची गाडीही पावसाळ्यात बंद. म्हणजे मालकाला वर्षाची कमाई दोन सीझनमध्ये करायची, उन्हाळा आणि दिवाळी. भाव चढे का, याचं निम्मं उत्तर यात आहे. आता पावसातच झुंडी येतात, आणि कौलांवर निळी ताडपत्री ओढून हॉटेलं चालू राहतात. भिंतींना ओल चढते, चादरींना वास येतो आणि इंटरनेटवर लोक एक तारा देऊन जातात. ती इमारत पावसाळ्यात माणसं ठेवायला कधी बांधलीच नव्हती.

बंगल्यांचा आणि हॉटेलांचा इतिहास सांगताना एक बाजू नेहमी सुटते, ती म्हणजे या सगळ्यांची कामं करणाऱ्यांचं माथेरान. विठ्ठल लक्ष्मण कोतवाल, म्हणजे भाई कोतवाल, इथलेच. 1912 मध्ये गरीब नाभिक कुटुंबात जन्म, शिकून वकील झाले, माथेरान नगरपालिकेचे उपाध्यक्ष झाले. 1942 च्या लढ्यात त्यांच्या दस्त्याने मुंबईकडे वीज नेणारे मनोरे पाडले. 2 जानेवारी 1943 ला सिद्धगडावर पोलिसांच्या गोळीबारात ते आणि हिराजी पाटील हुतात्मा झाले. ज्या गावात साहेब हवा खायला येत होते त्याच गावातला हा माणूस. हॉटेलांच्या माहितीपत्रकांत पॉइंटांची नावं असतात, हे नाव क्वचित.

जुनी हॉटेलं टिकली कशी, हाही प्रश्न उरतोच. महाबळेश्वर माथेरानहून थोरलं, तिथे सर जॉन माल्कमच्या काळात, 1828-29 मध्येच वसाहत सुरू झाली. लोणावळ्याला बोरघाटाची रेल्वे 1863 ला आणि एक्स्प्रेस वे 2002 ला पोचला. या दोन्ही ठिकाणी गाडी हॉटेलच्या दारात जाते. जिथे दारात गाडी जाते तिथे पार्किंग लागतं, पार्किंगसाठी बाग जाते, बाग गेली की चार मजले चढतात. माथेरानात जेसीबी चढवणंच अवघड. त्यात 4 फेब्रुवारी 2003 ला केंद्राने माथेरान आणि भोवतालचा सुमारे 215 चौरस किलोमीटर भाग पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्र म्हणून जाहीर केला. बांधकामावर मर्यादा आल्या, म्हणून पडका का होईना, व्हरांडा राहिला. सगळं सुंदर राहिलं असं नाही. कित्येक ठिकाणी जुन्या घराच्या पोटात काचेच्या दारांच्या बाथरूम आल्यात आणि लाल वाटांवर पेव्हर ब्लॉक.

वाटेवरचंही बदलतंय. 26 जुलै 2005 च्या पुरात रुळ वाहून गेले, गाडी 2007 मध्ये परत आली. 2019 च्या पावसाने पुन्हा बंद पडली, ती ऑक्टोबर 2022 पर्यंत. डिसेंबर 2022 मध्ये ई-रिक्षा प्रायोगिक तत्त्वावर सुरू झाल्या आणि ऑगस्ट 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने माणसाने माणूस ओढायच्या हातरिक्षा सहा महिन्यांत बंद करायला सांगितलं. ते शंभर टक्के बरोबर झालं असं माझं मत. घोडेवाल्यांना ई-रिक्षा पसंत नाहीत, त्यांचं पोट घोड्यांवर आहे आणि त्यांची बाजू ऐकायलाच हवी. मात्र आजोबांना खुर्चीत बसवून दोन माणसांनी ओढत नेलेलं मी लहानपणी पाहिलंय, आणि तेव्हाही त्यांना ते आवडलं नव्हतं.

भाचीला हे सगळं फोनवर सांगणं शक्य नव्हतं. तिला एवढंच लिहून पाठवलं: जेवणासकटच घे. एसीसाठी जास्त पैसे देऊ नकोस, व्हरांड्याकडची खोली माग. गरम पाणी बादलीने मिळतं आणि ठरलेल्या वेळेतच, तेव्हा लवकर उठ. खिडकीची जाळी लाव, माकडं बॅगेची चेन उघडतात. दस्तुरीला हमाल केलास तर भावात घासाघीस करू नकोस. तिचं उत्तर आलं, "आणि वडापाव?" नेरळ स्टेशनच्या बाहेर खा म्हटलं, वर जायच्या आधी.