रिळाभोवतीचं प्लास्टिक: पट्टा की कडं?

नांदेडला एका भंगाराच्या दुकानात मला कॉम्प्युटरच्या टेपची अकरा रिळं मिळाली. अर्धा इंच रुंद फीत, साडेदहा इंची चकत्या. बैलगाडीच्या चाकाला धाव बसवतात तसं प्रत्येकाभोवती प्लास्टिक बसवलेलं. दुकानदार म्हणाला, "झाकणं हायेत ती, काढून फेका." घरी येऊन पुसल्यावर कळलं, त्यांत दोन जाती आहेत.

नऊ रिळांना होता टांगायचा पट्टा. पातळ, वाकणारा. दोन चकत्यांमधली फट तो बाहेरून झाकतो, म्हणजे धूळ आत जात नाही. टोकं जुळतात तिथं खटका, आणि खटक्यालाच आकडा. आकडा रॅकच्या दांडीत अडकवला की रीळ उभं लोंबकळतं. डब्यांपेक्षा जागा कमी लागते. शिवाय रिळं आडवी एकावर एक रचली की चकत्या दबतात आणि फितीच्या कडा चुरगळतात. टांगल्यावर ती भीती नाही. ड्राइव्हवर, म्हणजे टेप वाचणाऱ्या-लिहिणाऱ्या यंत्रावर, चढवताना मात्र पट्टा हातानं काढायचा. नाहीतर फीत बाहेर येणार कुठून?

उरलेल्या दोघांना ऑटोलोडचं कडं. हे जाड आणि ताठ. आयबीएम ३४२० सारख्या ड्राइव्हवर रीळ कड्यासकट चढायचं. कड्याचं तोंड यंत्रच उघडायचं आणि हवेच्या जोरावर फितीचं टोक दुसऱ्या रिळापर्यंत न्यायचं. ऑपरेटरचा हात फितीला लागतच नसे. आकडा दिसला म्हणून पट्टा समजू नका, टांगायची सोय काही कड्यांनाही असे. परिघावर उघडझाप होणारं तोंड आहे का, ते बघा.

(रिळाच्या पाठीमागे, मधल्या खाचेत बसणारी छोटी रिंग तिसरीच. ती असेल तरच टेपवर लिहिता येतं. टांगण्याशी तिचा संबंध नाही.)

माझी चूक पट्ट्यांच्या बाबतीत झाली. पत्र्याच्या खोलीत पडद्याच्या दांडीला नऊही रिळं ऐटीत टांगली. एप्रिलात दुपारी धाडकन आवाज आला. जुनं प्लास्टिक कडक झालेलं, खटक्यापाशीच तुटलं. एक चकती तडकली आणि २४०० फुटांपैकी बरीच फीत फरशीवर. गुंडाळताना बोटाला स्पंजचा काळा चिकटा लागला; फितीचं टोक सुटू नये म्हणून लावलेला तुकडा विरघळायला आला होता. बाकीच्या रिळांतले स्पंज त्याच दिवशी काढले.

आता रिळं आतल्या खोलीतल्या कपाटात पुस्तकांसारखी उभी आहेत. पट्टे अंगावर आहेत, आकडे रिकामे.