पार्श्वभूमी : सोलापूरची कीबोर्ड-पॅडची जोडी आणि 'डीजे' हा शब्द

सोलापुरात हळदीची, गणपतीची किंवा गावच्या जत्रेची 'लाइव्ह' सुपारी आज पुष्कळदा दोनच माणसं वाजवतात. एकापुढे कीबोर्ड, दुसऱ्यापुढे ऑक्टापॅड, म्हणजे काडीने वाजवायचं इलेक्ट्रॉनिक तालवाद्य. गाणारा लागलाच तर त्या रात्रीपुरता.

यांच्या आधी बेंजो पार्टी होती, ब्रास बँड होता आणि दहा-बारा जणांचा ऑर्केस्ट्रा होता. अकॉर्डियन, बेस गिटार, काँगो, ढोलकी, ड्रमसेट, शिवाय गायक-गायिका. एवढ्यांचं जेवण आणि गाडीभाडं वजा जाता हातात फार थोडं उरायचं. १९८३ साली वेगवेगळ्या कंपन्यांची वाद्यं एकमेकांशी बोलू लागली, ती मिडी या पद्धतीमुळे. १९८५ साली ऑक्टापॅड आला. त्या पहिल्या पॅडला स्वतःचा आवाजच नव्हता. आठ चौकोनांवर मारायचं आणि आवाज दुसऱ्या यंत्रातून काढायचा. आपल्याकडच्या मांडवात ही यंत्रं रुळली बरीच नंतर. पुढे नऊ पॅडची यंत्रं आली, तरी नाव ऑक्टापॅडच राहिलं, 'ऑक्टा' म्हणजे आठ असूनही.

कीबोर्डवाल्याचा डावा हात बेस झाला, उजव्याने अकॉर्डियन आणि व्हायोलिन सांभाळलं. पॅडवाल्याने ढोलकी, काँगो, ड्रम एकट्याने घेतले. जोडी जमली ती अशी, पैशाच्या हिशेबातून.

सुरुवातीला या जोड्यांचा आवाज यंत्रात भरून आलेला असायचा, कुठल्याही शहरातला वाटावा असा. तो बदलला २००३ नंतर, बाहेरचा आवाज भरून घेणारे पॅड मिळू लागल्यावर. एका पॅडवाल्याला मी हलगी भरून घेताना पाहिलंय. पत्र्याच्या शेडमागे पाचट पेटवून हलगी शेकली, कातडं ताणून खणखणीत झाल्यावर जाड टिपरू आणि बारीक काडी यांचे ठोके वेगवेगळे घेतले. हलगीवाल्याने एकच ठोका वीसेक वेळा मारला, त्यातला एक निवडला. तो ठोका आता स्पीकरमधून निघतो तेव्हाही त्यातली धग कळते. सोलापूरचा म्हणून जो काही आवाज या जोड्यांनी कमावला, तो इथे आहे. शिवाय भाषा. मराठी-हिंदीवर इथे भागत नाही. शहराच्या पूर्व भागात तेलुगू गाणी लागतात, अक्कलकोटच्या बाजूला कन्नड, आणि दोन्हीकडे ठेक्याची चाल वेगळी.

आता त्या शब्दाकडे येऊ, कारण या जोड्यांचं सगळ्यात मोठं नुकसान त्याने केलंय. डीजे म्हणजे मुळात डिस्क जॉकी, तबकड्या लावणारा माणूस. आपल्याकडे माणूस गेला आणि यंत्र उरलं. 'डीजे आणला' म्हणजे गाडीवर रचलेली स्पीकरची भिंत. त्याच भिंतीला आपण 'डॉल्बी' असंही म्हणतो. हे नाव १९६५ साली लंडनमध्ये सुरू झालेल्या ध्वनी-प्रयोगशाळेचं, आणि तिचं पहिलं गाजलेलं काम टेपवरची खरखर कमी करण्याचं! कायद्याचं या नावांवाचून काहीच अडत नाही. २००० सालचे ध्वनिप्रदूषणाचे नियम ध्वनिक्षेपकाबद्दल बोलतात, २०१० च्या दुरुस्तीने वाद्यंही त्यात आली. रात्री १० ते सकाळी ६ बंदी, बंदिस्त सभागृहाला सवलत, राहत्या वस्तीत दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल. तिथे प्रश्न आवाज किती, कुठे आणि केव्हा, एवढाच आहे.

मांडवात मात्र प्रश्न नावाचा होतो. 'यंदा डीजे नाही' असं मंडळाने ठरवलं की दोन मध्यम स्पीकरवर वाजवणाऱ्या जोडीची सुपारीही त्याच वाक्यात जाते. भिंतींनी म्हाताऱ्यांची छाती धडधडते, तान्ही मुलं दचकून उठतात. त्या बंद व्हाव्यात असं मलाही वाटतं. पण हाताने वाजवणाऱ्याला त्याच यादीत टाकणं हा अन्याय आहे. त्याला काही जोड्यांनी स्वतःही हातभार लावला, हे सांगायलाच हवं. पेनड्राइव्हमधला तयार ट्रॅक सोडायचा आणि वर नुसते हात हलवायचे, असं सुरू झाल्यावर 'आम्ही वेगळे' म्हणायला तोंड राहत नाही. ट्रॅक घ्यावा की नाही यावरून जोड्या फुटल्याही आहेत. माझ्या मते बेस आणि ठेका हाताचा असेल तोवर ते वाजवणं आहे.

दौरा म्हणजे बहुतेक एका रात्रीचा. तुळजापूर, अक्कलकोट, पंढरपूर, सीमेपलीकडे विजयपूर, कलबुर्गी. ऑर्केस्ट्राला बस लागायची, जोडीला 'छोटा हत्ती' टेम्पो पुरतो. गणपती, नवरात्र, मग तुळशीच्या लग्नानंतर लगीनसराई, जानेवारीत सोलापुरात सिद्धेश्वराची गड्ड्याची जत्रा, एप्रिलमध्ये भीमजयंती. आषाढ लागला की हात रिकामे. मे महिन्यात दुपारी मांडवात सामान लावलं तर कीबोर्डचा पडदा तापून काळा पडतो, म्हणून वर ओला पंचा धरतात. खेड्यातली लाइट एक क्षण जरी गेली तरी कीबोर्ड पुन्हा सुरू व्हायला वेळ घेतो, आणि ऐन वरातीत तेवढी शांतता फार लांब वाटते. म्हणून गाडीत सामान भरताना कीबोर्डच्याही आधी यूपीएस चढतो.